वडिलोपार्जित पोट

लग्नाच्या पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा बट्टी घेऊन आला की खानदेशातल्या माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष पानावर आडवा हात धरतो. दुसरा धरलेला हात काढून घेतो. या दुसऱ्या पक्षाचे तहहयात अध्यक्ष म्हणजे जिभाऊ. बट्टी कुस्करायची, मधोमध आळं करायचं, आळ्यात वरण, वरणावर तुपाची धार, कडेला घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा बंधारा, आणि हे सगळं जमीनदोस्त झालं की पोटावरून हात फिरवत शेजारच्या पानावरच्या माणसाला सांगायचं, "हाडच मोठं शे आमनं, भो."

शेजारच्याने काही विचारलेलं नसतं.

जिभाऊ हा एकटादुकटा माणूस नाही. जळगावात मेहरूण तलावावर पहाटे तो पांढरे बूट घालून दिसतो. धुळ्यात आग्रा रोडवर संध्याकाळी दुकानाच्या गादीवर लोडाला टेकून दिसतो. पारोळ्याच्या थांब्यावर एसटीत चढला की तिघांच्या बाकावर बसलेले दोघे एकमेकांकडे बघतात आणि एकजण उठतो. कुणाचं खत-बियाण्यांचं दुकान, कुणाची केळी, कुणी जिल्हा परिषदेतून निवृत्त. घरात थोरला, भावकीत मानाचा, म्हणून जिभाऊ. वजन शंभरीच्या अलीकडे-पलीकडे. पँट पोटाच्या वर बांधायची की खाली, हा प्रश्न त्याने चाळिशीतच कायमचा निकालात काढलेला असतो: खाली. त्यामुळे पँटचं माप बदलत नाही, आणि "कॉलेजात होतो तेव्हाही चौतीस, आजही चौतीस" हे तो शपथेवर सांगू शकतो. खोटं बोलतो असं कुणाला सिद्ध करता येत नाही. चौतीस आहे ते खरंच आहे. फक्त कंबर तिथे नाही.

माझ्या ओळखीचे जिभाऊ जळगावचे. त्यांच्या बोलण्यात मालमत्तेचे दोनच प्रकार येतात, जे खरेदीखतात असतात तेच: वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. गिरणाकाठची केळीची जमीन आजोबांनी घेतलेली, विहीर वडिलांनी खोदलेली, सात-बाऱ्यावर नाव वारसनोंदीने चढलेलं. तिच्याविषयी जिभाऊ म्हणतात, "घाम गाळलाय भो, तेव्हा कुठे उभी राहिली." आणि पोट, जे त्यांनी स्वतः, कुणाचं कर्ज न काढता, पस्तीस-चाळीस वर्षं रोज दोन वेळा खपून उभं केलं, त्याविषयी म्हणतात, "हाई पोट मनं नही, मना बापनं शे." जमीन वारशाची, ती स्वकष्टाची झाली, पोट स्वकष्टाचं, ते वारशाचं झालं. असा फेरफार तलाठ्यालाही जमायचा नाही.

हाडांचं प्रकरण आधी मिटवून टाकू. सत्तर किलोच्या माणसाचा सांगाडा दहा किलोच्या आसपास भरतो. बांधा थोराड असेल तर दोन-तीन किलो वर धरा. जिभाऊ १०४ किलोचे आहेत. उरलेली बाकी हाडांच्या नावावर चढवणं अवघड आहे.

रक्ताचं मात्र तसं नाही. तिथे जिभाऊंचा दावा वाटतो तेवढा पोकळ नाही, आणि त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार धुळ्याला राहतो.

हा साक्षीदार म्हणजे जिभाऊंचा धाकटा भाऊ, नाना. लांबच्या नात्यातल्या एका जोडप्याला मूल नव्हतं, म्हणून तान्हा असतानाच तो त्यांना दत्तक दिला. धुळे हे आखीव गाव. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने पेठ आखली, गल्ल्या सरळ सोडल्या, आणि आजही तिथला माणूस पत्ता सांगताना गल्लीचं नाव सांगत नाही, नंबर सांगतो. नानाचं दत्तकघरही असंच आखीव. वडील शाळामास्तर, आई त्यांच्याहून काटकसरी, दोघंही अंगाने किरकोळ. सकाळी दादरची भाकर, डाळ आणि मिरचीचा ठेचा. संध्याकाळी सकाळचं उरलेलं. तूप दिवाळीला, तेही निरांजनात. अशा घरात नाना वाढला. आणि पन्नाशी गाठली तेव्हा? एका लग्नात दोघे भाऊ पाठमोरे उभे होते. वहिनी मागून आल्या आणि "अहो, पुरे झाल्या गप्पा, गाडी लागलीये" असं ज्याला म्हणाल्या, तो नाना निघाला. जिभाऊ हा किस्सा कोर्टात पुरावा सादर करावा तसा सांगतात. वहिनी त्या लग्नाचं नावही काढू देत नाहीत.

नानाची गोष्ट डेन्मार्कात मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे. तिथे दत्तक दिलेल्या मुलांची पद्धतशीर नोंदवही आहे. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातून ५४० प्रौढ माणसं घेतली. त्यांचा बांधा एकीकडे जन्मदात्यांशी ताडून पाहिला, दुसरीकडे सांभाळणाऱ्या आई-वडिलांशी. १९८६ साली निष्कर्ष छापून आला: दत्तक मुलांचा बांधा जन्मदात्यांकडे झुकतो, ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं त्यांच्याशी मेळ दिसत नाही. चार वर्षांनी स्टंकार्ड यांनी स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास मांडला. त्यात काही जुळी एकत्र वाढलेली होती, काही लहानपणीच वेगळी झालेली. एकसारखी जुळी वेगवेगळ्या घरांत वाढूनही बांध्याने जवळपास तितकीच सारखी निघाली. माणसामाणसांच्या बांध्यात जो फरक दिसतो, त्याचा सुमारे दोन तृतीयांश वाटा आनुवंशिकतेकडे जातो, असा हिशेब निघाला.

हे जिभाऊंच्या कानावर गेलं आणि डेन्मार्क हा आमच्या गल्लीतला सगळ्यात मानाचा देश झाला. डॉक्टरांनी "तूप जरा कमी करा" म्हटलं की जिभाऊ विचारतात, "डॉक्टरसाहेब, डेन्मार्कचं वाचलं का तुम्ही?" डॉक्टरसाहेब तेव्हा ब्लडप्रेशरचा मोठा पट्टा शोधत असतात, कारण नेहमीचा दंडाला पुरत नाही.

आता उलटतपासणी. तिचे साक्षीदार शोधायला धुळ्याला जावं लागत नाही. ते जिभाऊंच्याच घरात राहतात.

पहिल्या साक्षीदार वहिनी. लग्न होऊन आल्या तेव्हा शालू आणि दागिन्यांसकट पंचेचाळीस किलोच्या. सोयरीक जमवताना दोन्हीकडच्या जाणत्यांनी रात्रभर बसून कुळं काढली होती, कुठे रक्ताचा संबंध तर येत नाही ना, याची खात्री केली होती. म्हणजे वहिनींच्यात जिभाऊंच्या खानदानाचं रक्त नाही, हे भावकीने पंचांसमोर सिद्ध केलेलं आहे. तीस वर्षांनंतर दोघं स्कूटरवर निघाली की पुढचं कोण आणि मागचं कोण, हे फक्त पदरावरून कळतं. वहिनींनी वेगळं काय केलं? काहीही नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात दोन वाट्या शेवभाजी उरते. तर्री सकाळपर्यंत गोठते, टाकवत नाही, कुत्र्याला तिखट लागते. मग ती जिथे जायची तिथे जाते.

दुसरे साक्षीदार जावईबापू. जळगावला बदली झाली म्हणून "घर मिळेपर्यंत" सासुरवाडीला उतरले. मुलं शाळेत जायला लागली, तरी घर अजून मिळतंच आहे. त्यांची कहाणी गल्लीतल्या शिंप्याच्या वहीत लिहिलेली आहे. आले तेव्हा कंबर २८. पहिल्या दिवाळीला ३०. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३२. नंतर एकदम ३६, कारण मधल्या वर्षी रसाचा हंगाम चांगला झाला. त्या शिंप्याला रक्त, खानदान, डेन्मार्क यातलं काहीच माहीत नाही. तो म्हणतो, "मी नातं विचारत नाही. पत्ता विचारतो. या पत्त्यावरचं कापड असलं की शिलाईत दोन इंच आत ठेवतो."

तिसरा साक्षीदार मोती. हा कुत्रा. घर शाकाहारी असल्यामुळे त्याने जन्मात हाड पाहिलेलं नाही. पण त्याला बघून पाहुणे म्हणतात, काय मोठ्या हाडाचं कुत्रं आहे!

वहिनी आणि जावईबापू यांचीही गोष्ट मोजलेली आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातल्या १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ साली मांडल्या. नवरा-बायकोतलं एक लठ्ठ झालं तर दुसऱ्याची तशी शक्यता ३७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भावंडांत हा आकडा ४०. आणि मित्रांत, म्हणजे जिथे ना रक्ताचा संबंध ना चुलीचा, तिथे ५७. हा शेवटचा आकडा मी जिभाऊंना सांगितलेला नाही. त्यांच्या कट्ट्यावर संध्याकाळी सात-आठ माणसं बसतात. विनाकारण पांगायला नकोत.

या घरात भूक लागत नाही, कारण तिला लागायला मोकळा वेळच मिळत नाही. थंडी पडली की शेतावर भरीत पार्टी. भरिताची हिरवी लांबोडकी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मुसळीने ठेचायची, वर मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वांगी संकोचतील इतकं तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या. वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर जिभाऊ भरीत खातात ते जिल्ह्याचं नाव राखण्यासाठी. थंडी ओसरली की बिबडे, पापड, कुरडया; वाळवण वाळायच्या आत चिकाचं अर्धं पातेलं संपतं. मग आखाजी. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पत्त्यांचे डाव पडतात, आणि खापरावरच्या पुरणपोळ्या, ज्यांना ताट पुरत नाही, त्या रसात बुडतात. पावसाळा आला की डुबुकवडे आणि पातोडीची आमटी, कारण बाहेर पाऊस असतो. पाऊस नसला तरी डुबुकवडे, कारण पाऊस नाही म्हणून मन खिन्न असतं.

आणि श्रावणात कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. पुण्या-मुंबईला गेलेली भावकी मिळेल त्या गाडीने गावी येते. घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू रोटांसाठी घेतात. मूठ कुणाची, हे कुठे सांगून ठेवलेलं नाही, म्हणून या घरी मूठ जिभाऊंची. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. लग्न होऊन आलेल्या वहिनी भावकीत मोडतात, त्यांना रोट चालतो. जावईबापू परक्या भावकीचे, त्यांना चालत नाही. वर्षभरात हा एकच सण असा, की ज्या दिवशी या घरात रक्त आणि ताट वेगवेगळं मोजलं जातं. पण त्यामुळे जावईबापू उपाशी राहतात असं कुणी समजू नये. "त्यांना बिचाऱ्यांना रोट नाही" म्हणून त्यांच्यासाठी खीर वेगळी, पुरी वेगळी, भजी वेगळी. रोटवाल्यांपेक्षा दोन घास जास्तच पोटात जातात, आणि वर सगळ्यांची सहानुभूती.

या रक्ताचं आणि ताटाचं भांडण कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठात फार सुरेख सुटलं. तिथे क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या आणि आठवड्यातले सहा दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. शंभर दिवसांत असे ८४ दिवस. आखाजीपासून कानबाईपर्यंत साधारण तेवढेच भरतात. १९९० साली निकाल प्रसिद्ध झाला: सगळ्यांना सारखंच जास्त वाढलं, तरी कुणाचं वजन ४.३ किलोने वाढलं, कुणाचं १३.३. मात्र एका जुळ्याचं जेवढं वाढलं, त्याच्या आसपासच त्याच्या भावाचं. म्हणजे भरल्या ताटातलं कुणाच्या अंगी किती लागणार, हे बरंचसं रक्ताने ठरवलं. पण ताट भरलं ते रक्ताने नव्हे, संशोधकांनी. जळगावात हे काम आत्या, मावशी, शेजारीण आणि "माझी शपथ आहे" हे चौघं मिळून करतात.

मग रक्त नेमकं करतं काय? २००७ साली एफटीओ नावाच्या जनुकाचा बांध्याशी संबंध पक्का झाला. या जनुकाचा वजन वाढवणारा प्रकार ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही मिळाला, त्यांचं वजन तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलो जास्त भरलं. जिभाऊंचा डॉक्टरांशी तीस किलोंचा वाद आहे. तीन कबूल, बाकीचे सत्तावीस? न्यायाने बोलायचं तर अशी जनुकं शेकडो आहेत, प्रत्येकाचा थोडा-थोडा हातभार असतो, आणि जिभाऊंच्या वाट्याला त्यातली बरीच आली असतील. पण ती अंगात बसून काय करतात, ते २००८ साली स्कॉटलंडच्या शाळकरी मुलांत दिसलं. एफटीओचा तो प्रकार असलेली मुलं शक्ती कमी खर्च करत नव्हती. ती जास्त खात होती. म्हणजे हे जनुक हाड वाढवत नाही आणि हवेतून चरबीही आणत नाही. तिसऱ्या बट्टीला हात आडवा धरायचा की काढून घ्यायचा, त्या क्षणी ते आपलं काम करतं. बट्टी आलीच नाही, तर तेही बसून राहतं.

बट्टी आली नाही तर काय होतं, याचा पुरावा जिभाऊंच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे. तो आजोबांचा फोटो. त्याला हार भरगच्च घालतात, श्रद्धेने तर आहेच, पण आजोबांच्या फासळ्या झाकल्या जाव्यात हाही हेतू असावा. धोतर, बंडी, टोपी आणि हाताला फुटलेल्या शिरा. मोट हाकायची, शेतावर पायी जायचं, पायी यायचं, कळण्याची भाकर ठेच्याबरोबर खायची. आखाजीला पुरणपोळी त्यांनीही खाल्ली, रोट त्यांनीही खाल्ले. फक्त दोन सणांच्या मध्ये सण नसायचा. त्यांच्याशेजारी वडिलांचा फोटो: शेतावरून उठून दुकानाच्या गादीवर बसलेले, पोटाची नुकतीच सुरुवात झालेली. त्यांच्या शेजारी जिभाऊ, साठीशांतीचा फोटो, चौकट मोठी करून घेतलेला. तीन फोटो, एकच रक्त. आजोबांचं रक्त जिभाऊंच्यात आहे हे मान्य केलं, तर जिभाऊंचं पोट आजोबांना का नव्हतं?

हा प्रश्न मी एकदा विचारला. जिभाऊंनी फोटोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तेव्हाचे कॅमेरे बारीक काढायचे."

डेन्मार्कच्या अभ्यासात न दिसणारी बाजू ही आहे. तिथे जन्मदाते आणि सांभाळणारे एकाच देशात, एकाच काळात, साधारण सारख्याच बाजारातलं जेवत होते. ताटं सारखी असली की उरलेला फरक रक्ताचाच दिसणार. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांत आधी कोण सुटेल आणि जास्त कोण सुटेल, हे रक्त सांगू शकतं. सगळी पंगतच का सुटत चाललीय, हे ते सांगू शकत नाही, कारण दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. विहिरीवर मोटेच्या जागी पंप येतो, दारात फटफटी येते, घरात फ्रिज येतो, तेलाचा डबा महिन्याऐवजी पंधरवड्याने येतो. नानाचंच पाहा. मास्तरांच्या घरात असेपर्यंत तो सडपातळ होता. त्याचं पोट आलं ते नोकरी, मोटारसायकल आणि ऑफिसखालचा कचोरीवाला हे तिघं एकदम आयुष्यात आल्यावर. रक्त पंचवीस वर्षं तयारच होतं. ते कचोरीची वाट बघत होतं.

जिभाऊ चालायला जात नाहीत असं नाही. मेहरूणला रोज पहाटे जातात. एक फेरी चालतात, दुसऱ्या फेरीला बाकावर बसून पहिलीविषयी बोलतात, आणि परतताना पोहे खातात, कारण व्यायामानंतर अंगात अशक्तपणा येतो. यात दुःख एवढंच, की चालण्याचा उपयोग खरोखर त्यांच्यासारख्यांनाच जास्त आहे. २०११ साली २ लाख १८ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओ जनुकाचा लठ्ठपणावरचा जोर सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. आजोबांनी हा अभ्यास वाचला नव्हता. ते नुसतेच शेतावर जायचे.

इथवर वाचून जे सडपातळ वाचक मजेत आहेत, त्यांच्यासाठी जिभाऊंचे साडू आहेत. हेही धुळ्याचेच. अंगाने शिडशिडीत, जिभाऊंना दर भेटीत "काय भो, किती महिने?" असं विचारून स्वतःच हसणारे. त्यांच्यासाठी पुण्याचा दाखला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा फोटो आणि आकडे दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात हीच गोष्ट तान्ह्या बाळांत दिसली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपल्याकडे स्नायू कमी, पोट लहान, हातपाय काटक्या. पण चरबी त्या मानाने राखून ठेवलेली. बाहेरून बारीक, आतून लठ्ठ. साडूंना मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "मला कसा? त्याला व्हायला पाहिजे होता." जिभाऊ पेढे घेऊन भेटायला गेले. साडूंना देता येत नव्हते म्हणून दोघांच्या वाटचे स्वतःच खाल्ले.

तर खटल्याचा निकाल असा. जिभाऊंची भूक बरीचशी वडिलोपार्जित आहे, हे कबूल करायला हवं. त्यांना आळशी, खादाड, बेशिस्त म्हणून हिणवणाऱ्यांनी आपल्या वाट्याला कमी भुकेचं रक्त आलं, यात स्वतःचं कर्तृत्व शोधू नये. पण ताट वडिलोपार्जित नाही. ते रोज नव्याने वाढलं जातं, आणि त्यात तूप किती पडावं हे ठरवायला डेन्मार्कहून कुणी येत नाही. ज्या घराला असं रक्त मिळालंय, त्या घराला इतरांपेक्षा जास्त सांभाळून वाढावं लागेल, एवढाच त्या वारशाचा अर्थ. जिभाऊ तो अर्थ उलटा लावतात: खानदानीच आहे, मग आता सांभाळून काय करायचं?

आणि तुमच्या घरी असे जिभाऊ असतील, किंवा आरशात दिसत असतील, तर शिंप्याची फीत आणा. पँटचं माप सांगू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध फीत धरा, श्वास रोखू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही धोक्याची रेघ. सगळं घर एकाच दिवशी मोजा आणि सुरुवात जावयापासून करा. त्याच्यात तुमचं रक्त नाही. आल्यापासून त्याच्या कमरेवर जे चढलंय, त्याचा हिशेब खानदानाला नाही, स्वयंपाकघराला विचारा.